घरचं धान

माझी बायको जाऊन दुसरा पावसाळा सरला. भेटायला येणारे म्हणतात, जुनं काही लिहीत बसा, जीव रमेल. जीव कुठला रमतो! चौथी शिकलेला माणूस मी. कागद पुढे घेतला की दुसरं काही आठवत नाही, आठवतं ते रजिस्टर. निळ्या पुठ्ठ्याचं, लांबट, आठ रकान्यांचं. शेणात हात घालताना मला कधी घाण वाटली नाही. त्या पुठ्ठ्याला हात लावताना वाटायची. आजही वाटते. म्हणून तेच लिहितो, एकदाचं पोटातून निघू द्या.

धान भरडायच्या यंत्राला आमच्या भंडारा जिल्ह्यात हालर म्हणतात. वरून धान टाकायचं, खालून एका तोंडानं तांदूळ येतो, दुसऱ्या तोंडानं कोंडा. बाजूला डिझेलचं इंजिन, मधे रुंद पट्टा. एवढंच यंत्र. आणीबाणी लागायच्या दोन-तीन वर्षं आधी मी दिघोरीकडच्या एका शेतकऱ्याचं जुनं इंजिन आणि हालर आणलं. त्यासाठी म्हैस विकली. म्हैस बायकोची होती, तिच्या बापानं दिलेली. तिला विचारल्याशिवाय विकता येत नव्हती, म्हणून विचारलं.

"म्हैस दूध देते. हालर तांदूळ देईल."

"म्हैस शेण बी देते. तुमचं हालर काय देईल?"

"कोंडा देईल."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. म्हशीच्या शिंगांना तेल लावून तिनंच तिला घराबाहेर काढलं.

हालर बसवायला चार दिवस लागले. त्याचे कागद बसवायला अकरा महिने. पुरवठा खात्याचा परवाना वेगळा. ग्रामपंचायतीचा दाखला वेगळा. दुकानाचा परवाना वेगळा. मी म्हटलं, साहेब, हे दुकान नाही, मी काही विकत नाही, लोकांचं धान भरडून देतो. तो म्हणाला, दार आहे ना? दार आहे म्हणजे दुकान आहे. आठवड्याची सुट्टी कोणती? मी म्हटलं, धान निघतं तेव्हा सुट्टी नाही, आणि धान सरलं की आठ महिने सुट्टीच. तो रागावला. वार सांगा म्हणाला. मी सोमवार सांगितला, तोंडाला आला म्हणून.

मग मापं. घरची लाकडी पायली चालणार नाही, शिक्का मारलेलं लोखंडी माप घ्या. तो शिक्का वर्षाला मरतो. माप तेच, लोखंड तेच, शिक्का तेवढा मरतो आणि पुन्हा जिवंत करायला बसनं जायचं. मग पाटी. ‘येथे फक्त लोकांचे धान भरडून मिळेल’. अक्षरं किती उंच असावीत तेही त्यांच्या कागदात लिहिलेलं. माझी अक्षरं बोटभर कमी निघाली, तर पाटी पुन्हा रंगवून घेतली.

आणि सगळ्यात घाण नियम हा, की हालरवाल्याच्या घरात तांदूळ सापडला तर गुन्हा. त्या काळात तांदळाला परवान्याशिवाय जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. हालरवाला म्हणजे तांदूळ चोरून बाहेर पाठवणारा, असं त्यांच्या डोक्यात आधीपासून पक्कं.

"मंग आमी काय खावं?" बायकोनं दाराआडून विचारलं.

"खायपुरता ठेवा," इन्स्पेक्टर म्हणाला. "किती माणसं, किती खाता, ते अर्जात लिहून द्या."

मी लिहून दिलं. माणसं दोन. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ते लिहायला रकाना नव्हता, बरं झालं.

हा पहिला इन्स्पेक्टर मोटारसायकलवर यायचा. पाय धुवायचा, चहा प्यायचा, आणि जाताना गाडीला चिन्नोर तांदळाची एक पिशवी लोंबकळलेली असायची. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. घरात तांदूळ ठेवायचा नाही म्हणणाऱ्याला चिन्नोर कुठून द्यायचा? पण तो मिळायचा. बायको म्हणायची, "ह्याच्या गाडीवर तांदूळ सापडला त गुन्हा नाही काय?" मी म्हणायचो, हळू बोल. ती हळू बोलणारी नव्हती. फक्त एका गोष्टीत ती गप्प होती, ते पुढे येईल.

परवान्यासोबत ते रजिस्टर दिलं. अनुक्रमांक, तारीख, धान आणणाऱ्याचं पूर्ण नाव, बाई असेल तर नवऱ्याच्या नावासहित, गाव, धान किती, तांदूळ किती, कोंडा किती, सही किंवा अंगठा. पहिल्या हंगामात मी जमेल तसं लिहिलं. इन्स्पेक्टरनं लाल शाईनं पानंच्या पानं खोडली.

"हे काय हो? पिपळाजवळची बुढी! ही कोण?"

"पिपळाजवळ राहते ते."

"तिचं नाव काय?"

"आमी सारे तिले बुढीच म्हणतो जी."

"नवऱ्याचं नाव?"

"नवऱ्याले बुढा म्हणत होतो. तो मेला."

तो हसला नाही. पूर्ण नाव नसेल तर नोंद बोगस धरीन म्हणाला. मग मी गावात फिरून सगळ्यांची पूर्ण नावं एका वहीत लिहून घेतली. लहानपणापासून ज्याला मी दादा म्हणत होतो त्याचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. तेवढं त्या रजिस्टरानं शिकवलं म्हणायचं.

गावातल्या लोकांचं असं निभावलं. अडलं ते बाहेरच्या बायांवर. दिवाळी झाली की धानाच्या कापणीला साकोलीच्या पलीकडून, नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या गावांमधून बाया यायच्या. महिना-दीड महिना राहायच्या. मजुरी धानात मिळायची. घरी परत निघताना ते धान त्या आमच्याकडे भरडून घ्यायच्या, कारण तांदूळ केला की डोक्यावरचं ओझं एक तृतीयांशानं तरी कमी व्हायचं, आणि पुढे जंगलातनं चालायचं असायचं. कोंडा आमच्याकडे ठेवून जायच्या. तीच आमची मजुरी. दोघांनाही परवडायचं आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

या बायांचे नवरे मला माहीत नव्हते. त्यांना विचारावं तर आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. आजच्या पोरी घेतात, मोबाइलवर ओरडून घेतात, मी काही म्हणत नाही. पण तेव्हा नव्हत्या घेत. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, भासऱ्याचंही नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ.

पहिल्याच हंगामातला तो दिवस मला आरशासारखा दिसतो. पाच बाया धानाच्या टोपल्या घेऊन ओसरीत बसलेल्या. मी इंजिन बंद करून रजिस्टर मांडीवर घेतलं. बायको दारात मापाशी बसलेली.

"सांग वो बाई, घरवाल्याचं नाव," मी पहिलीला विचारलं.

ती पदरात तोंड घालून हसली. "मी कशी घेऊ जी? हिले पुसा."

दुसरी म्हणाली, "अवो माय! तो माझा भासरा होते."

"मंग तू सांग," मी तिसरीकडे वळलो.

"माझा त सासराच होते न जी! मी बोलू त जीभ झडून जाईल."

चौथी उठली आणि माठावर पाणी प्यायला निघून गेली. पाची जणी एकाच टोल्यावरच्या, म्हणजे एका वाडीतल्या, एकमेकींच्या जावा, सुना, चुलतसुना. पाचवी म्हातारी होती, कपाळ मोकळं. ती म्हणाली, "माझा त मेला. त्याचं घेऊ काय? आता त्याचं काय कमी होते?"

सगळ्या खदखदा हसल्या. बायकोही हसली. मी पेन टेकवून म्हटलं, घे मग, एक तरी रकाना भरू दे. म्हातारीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. वर पाहिलं. "नाही जी. आयकत असंल तो."

अर्धा दिवस गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या, लोक ओरडायला लागलेले. तेव्हा माझी बायको म्हणाली, "लिवा घरचं."

"काय?"

"घरचं धान म्हणून लिवा. माझ्या ओसरीत बसल्या, माझ्या माठाचं पाणी पेल्या, घरच्याच झाल्या. बसला काहून? लिवा न."

मी लिहिलं. ‘घरचे’. पाच टोपल्यांची एक नोंद. आणि हे इतकं सोपं पडलं, की त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात ज्या बाईनं पदर तोंडात घातला, तिचं धान मी घरचं करून टाकलं. चूक माझी होती. अर्जात ‘माणसं दोन’ लिहून दिलेलं मी विसरलो होतो. माझं डोकं पट्ट्यात असायचं. पट्टा निसटला तर माणसाचा हात जातो. रजिस्टरातनंही काही निसटतं आणि काही जातं, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या हंगामात इन्स्पेक्टर बदलला. नवा होता तरुण, चहा न पिणारा, चिन्नोर न घेणारा. मला वाटलं, देव पावला. न खाणारा माणूस खाणाऱ्याहून वाईट निघतो हे मी तेव्हा शिकलो. खाणाऱ्याचं पोट तरी भरतं. ह्यानं ओसरीत बसून दोन वर्षांची पानं उलटवली आणि ‘घरचे’ एवढंच वेगळं काढून बेरीज मांडली.

"तुमच्या घरात माणसं किती?"

"दोन जी."

"दोन माणसांनी एका वर्षात चाळीस खंडी धान खाल्लं?"

चार खंडीत आमचं वर्ष निघायचं.

"राक्षस आहात काय?"

बायको दारातून म्हणाली, "राक्षसाले बी नाही जाणार जी एवढं." आणि हसली. खरंच हसली ती, तिला वाटलं आता समजावून सांगू, विषय संपला. तिनं सांगितलं पण सारं, बायांचं, नावाचं, ओसरीचं. तो खाली मान घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे खोटी नोंद केल्याचं कबूल करता."

त्यानं हालरच्या चाकाला सुतळी गुंडाळली, गाठीवर लाख वितळवून टाकली आणि शिक्का दाबला. इंजिनलाही तसंच. लाख आमच्याच जंगलातली असेल. नोटीस माझ्या हातात दिली. तांदूळ जिल्ह्याबाहेर पाठवण्यासाठी खोट्या नोंदी केल्याचा संशय, परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करावा. तारीख पंधरा दिवसांनंतरची. ते पंधरा दिवस म्हणजे भरडायचा ऐन हंगाम. वर्षाचं पोट त्या महिन्यात भरायचं असतं. परवाना गेला तर हालर म्हणजे भंगार, आणि म्हैस तर कधीच गेलेली.

दुसऱ्या दिवशी बाया टोपल्या घेऊन आल्या आणि लाखेचा डाग पाहत बसल्या. बायकोनं आत जाऊन उखळ-मुसळ काढलं. अंगणात ती आणि त्या कांडत बसल्या. मुसळाला परवाना लागत नव्हता. दिवसभर कांडूनही निम्मी टोपली होईना. उरलेलं धान डोक्यावर घेऊन, कोंड्यासकट, त्या गेल्या. सरकारचा बोजा, सरकारचा बोजा म्हणतात ना लोक भाषणात, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. बायांच्या डोक्यावर होता. तिसरा हिस्सा नुसता भुसा.

खुलाशाला साक्षीदार लागतील म्हणाले. ज्यांचं धान त्या बाया आणा. त्या तर जंगलाकडे आपापल्या गावी गेलेल्या. मी जातो म्हटलं, तर बायको म्हणाली, "तुमाले पाहून त्या घरात लपतील." ती एकटी गेली. साकोलीपर्यंत बस, पुढे पायी. तिसऱ्या दिवशी तिघींना घेऊन आली. त्यात ती मोकळ्या कपाळाची म्हातारीही होती. आपली रोजी बुडवून आल्या. माझ्यासाठी कोण होत्या त्या? घरच्याच म्हणायच्या.

तारखेला पुरवठा खात्याच्या ऑफिसात बाकावर दुपारपर्यंत बसलो. मग बयान घेणाऱ्या कारकुनानं बोलावलं. टेबलावर फायलींचा ढीग, एका हातात पेन, दुसऱ्या हातानं आगकाडीनं कान कोरत होता. साहेब आतल्या खोलीत होते, ते बयान वाचूनच निकाल देणार.

"पहिली साक्षीदार तुमची बायको. नाव?"

तिनं आपलं नाव सांगितलं.

"नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव. पूर्ण सांगा."

तिनं पदर तोंडात घातला.

मी म्हटलं, "साहेब, मी इथंच उभा हाव न. लिवून घ्या, मी सांगतो."

"तुम्ही पार्टी आहात. साक्षीदारानं स्वतः सांगायचं. तुम्ही बाहेर व्हा."

"अर्जावर लिवलं हाय जी माझं नाव, तुमच्याच समोर—"

"बाहेर व्हा म्हटलं ना! बयान नाही झालं तर परवाना रद्दची शिफारस टाकतो. मग बसा नाव लपवत."

मी वऱ्हांड्यात आलो. खिडकी उघडी होती. तिच्या गजांना धरून उभा राहिलो. आतून सगळं ऐकू येत होतं. पंख्याचा आवाज, काडी टेबलावर टाकल्याचा आवाजही.

बायको म्हणाली, "मी लिवू शकत नाही, नाही त लिवून दिलं असतं."

"लिहायचं मला आहे. तुम्ही बोला."

मग तिनं माझं नाव घेतलं. त्यामागे माझ्या बापाचं, जो मेला तेव्हा ती नवी नवरी होती आणि ज्याच्यापुढे तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. मग आडनाव. अगदी हळू. देवापुढे काही मागावं तसं.

कारकून म्हणाला, "मोठ्यानं. ऐकू नाही आलं."

तिनं पुन्हा घेतलं. मोठ्यानं. वऱ्हांड्यात बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. एकानं माझ्याकडे पाहून हसून घेतलं. मला त्या वेळी त्या कारकुनाचा राग आला असं नाही. ओकारी आली. खरोखर मी वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात जाऊन थुंकलो, आणि शिपाई ओरडला, इथं थुंकू नका, दंड आहे.

मागून त्या तिघींची पाळी आली. माझ्या बायकोनं घेतलेलं पाहिलं म्हणून त्यांनीही घेतलं. जमिनीकडे बघत, एकेक करून. दुसरीनं नाव घेतलं आणि लगेच म्हणाली, "लिवलं न? ठीक हाय. आता तो मेला त तुमच्या डोस्क्यावर जाईल, साहेब." म्हातारीनं मेलेल्याचं नाव घेतलं तेव्हा ती रडली. पहिल्या दिवशी ओसरीत त्यावर हसली होती तीच.

येताना बसमध्ये बायको माझ्याशेजारी बसली नाही. बायांच्या बाकावर बसली, खिडकीकडे तोंड करून. घरी आल्यावर चूल पेटवायच्या आधी तिनं विहिरीवर थंड पाण्यानं आंघोळ केली, मातामायला, आमच्या गावदेवीला, नारळ वाहिला आणि मला म्हणाली, "आजपासून मी सोमवार धरतो." आमच्याकडच्या बायाही ‘धरतो’च म्हणतात.

"कायले?"

"तुमच्या उमरीले."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अवो, सोमवार त आपली दुकानाची सुट्टी हाय, सरकारी." तिला हसू आलं नाही.

निकाल महिन्याभरानं आला. परवाना चालू ठेवण्यात येत आहे, यापुढे नोंदी अचूक ठेवाव्यात. बस्स, एवढीच ओळ. कोणाची चूक, कोणाचं नुकसान, त्या चार बायांना कशाला बोलावलं होतं, काही नाही. शिपाई येऊन ब्लेडनं लाख खरवडून गेला. कापणी संपली होती. शेतं रिकामी होती. हालर सुरू करून पाहिलं आणि बंद केलं, टाकायला धानच नव्हतं.

बायको म्हणाली, पुढच्या वर्षीपासून बाहेरच्या कोणाही बाईला आपण नाव विचारायचं नाही. नाव विचारायचं नाही म्हणजे धान भरडायचं नाही. त्या बाया आमच्या दारावरून जायच्या, टोपल्यांत धान तसंच. थांबून पाणी प्यायच्या, बायकोशी बोलायच्या. हालरकडे बघायच्याही नाहीत. मी आत खोट्या उद्योगात, पट्ट्याला मेण लावत बसायचो. तोंड दाखवायची लाज वाटायची. कोणता गुन्हा केला होता मी? तांदूळ चोरला होता? माप मारलं होतं? एका बाईचा मान राखला, तो गुन्हा.

एकदा, पुष्कळ दिवसांनी, आम्ही दोघंच अंगणात कणी पाखडत होतो. मी सहज म्हटलं, "कोणी नाही इथं. एकदा घेऊन पाह न माझं नाव."

तिनं सूप माझ्या अंगावर उलटं केलं. "लय हौस हाय त तिकडं ऑफिसात जाऊन आयका. तेथं लिवून ठेवलं हाय."

मग कितीतरी वर्षं गेली. ग्रामपंचायतीत टीव्ही आला त्या साली एक दुसराच इन्स्पेक्टर आला, टकला, बोलका. चहा घेतला. मी रजिस्टर पुढे केलं तर हातानं बाजूला सारलं.

"ते बंद झालं. आता नाही लागत लहान हालरवाल्यांना."

"बंद झालं म्हणजे?"

"वरून कागद आला. सरकारनं तुमच्यासारख्यांवरचा बोजा कमी केला." पोरांना खाऊ वाटावा तसं तोंड केलं त्यानं.

"मंग इतके साल कायले लागत होतं?"

"ते मला काय मालूम? तेव्हा लागत होतं. आता नाही."

"कोणी वाचत होतं काय जी?"

तो हसला. "कोण वाचते हो!"

बायको कोंडा भरत होती. हातातलं टोपलं तिनं खाली ठेवलं. "मंग माझं बोललेलं वापस देते काय सरकार?"

त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "काय बोललं होतं बाई?" ती आत निघून गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, चहा थंड होऊन राहिला.

रजिस्टरं बायकोनं आंघोळीच्या पाण्याखाली जाळली. मी बघत उभा होतो. आतली पानं भराभरा गेली, पुठ्ठा काही केल्या पेटेना. धूर करत राहिला. तिनं रॉकेल ओतलं. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. सुतळी सोडली म्हणून वळ जात नाही.

सोमवार तिनं सोडले नाहीत. रजिस्टर बंद झालं, परवाने पुढे आणखी बदलले, गावात मोठी राइस मिल आली, आमचा पट्टा सुकून तडकला, तरी तिचे सोमवार चालूच. मी तिच्यासमोर बसून भात जेवायचो आणि ती पाणी पिऊन राहायची. शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाला, उपास बंद. तिनं ऐकलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "मी गेल्यावर सोमवार कोण धरंल तुमचे?" एवढीच काळजी. आपण चाललो त्याचं नाही. एका कान कोरणाऱ्या कारकुनानं तिच्या मनात जे घातलं ते मरेपर्यंत निघालं नाही. माझी उमर काही कमी झाली नाही. चांगला धडधाकट बसलो आहे इथं, नको असताना.

या उन्हाळ्यात मी त्या ऑफिसात गेलो. का गेलो ते सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. तिनंच सांगितलं होतं, जाऊन ऐका म्हणून. म्हटलं, तो कागद मिळाला तर बघू. तिचं बयान. माझं नाव तिच्या तोंडून निघाल्याचा जगात तेवढाच एक पुरावा.

इमारत नवी. कारकून पोरगेलासा, चांगला होता. उठून खुर्ची दिली.

"कोणत्या कामासाठी पाहिजे बाबा? जमिनीचं आहे काय?"

"नाही. पाहाले पाहिजे."

"किती जुनं?"

मी सांगितलं. त्यानं जीभ चावली. "बाबा, एवढं जुनं नाही राहत. मुदत संपली की नष्ट करतात."

"नष्ट म्हणजे?"

"जाळतात. नाही तर रद्दीत देतात. काही महत्त्वाचं होतं काय?"

मी नाही म्हटलं. उठलो. त्यानं हात धरून पायरी उतरवून दिली. त्याला शिव्या द्याव्या असं काही त्यानं केलं नव्हतं. शिव्या मी बसस्टॉपपर्यंत मनातल्या मनात दिल्या, कोणाला ते ठरवल्याशिवाय. ठेवायचंच नव्हतं तर घेतलं कशाला? जाळायचंच होतं तर एका बाईच्या नरड्यातून ओढून कशाला काढलं?

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती इतकी वर्षं आली नव्हती. तिनं नाव दोनदा घेतलं होतं. दुसऱ्यांदा मोठ्यानं, ते कारकुनानं लिहून घेतलं, ते फायलीत गेलं आणि फायलीसोबत जळलं. जळू द्या. पहिल्यांदा हळू घेतलेलं त्याला ऐकूच आलं नव्हतं. त्यानंच सांगितलं तसं.

मी वऱ्हांड्यात खिडकीपाशी होतो. मला आलं होतं.